रंगून ते इगतपुरी : ध्यान-शिबिरातील पहिल्या मुक्कामाचा इतिहास

यात्रा आणि मुक्काम या दोन गोष्टी भारतीय माणसाच्या धार्मिक जीवनात पूर्वापार एकत्र नांदत आल्या आहेत. तीर्थक्षेत्री जावे, धर्मशाळेत उतरावे, दर्शन घ्यावे, यथाशक्ती दान द्यावे आणि प्रसाद घेऊन घरी परतावे, असा हा क्रम आहे. विसाव्या शतकात या क्रमात एका निराळ्या मुक्कामाची भर पडली. तेथे दर्शनाला मूर्ती नाही, म्हणायला स्तोत्र नाही, शेजारी सोबती असून त्याच्याशी बोलण्याची परवानगी नाही. डोळे मिटून दहा दिवस स्वतःच्या श्वासाकडे व शरीराकडे पाहत बसावे, एवढेच तेथील काम. या मुक्कामाला आज सर्वत्र 'विपश्यना शिबिर' म्हणून ओळखले जाते.

अशा ठिकाणी प्रथमच उतरलेल्या प्रवाशांना काय वाटले, याच्या अनेक नोंदी उपलब्ध आहेत. कोणी पुस्तक लिहिले, कोणी प्रवचनातून सांगितले, कोणी मुलाखतीतून. नौदलाचा अधिकारी, प्राध्यापक, महिला वकील, कोट्यधीश व्यापारी, अठरा वर्षांची विद्यार्थिनी अशी ही मंडळी आहेत. त्यांचे देश, धर्म व वय भिन्न आहेत. तथापि या नोंदी एकत्र ठेवून पाहिल्या असता एक गोष्ट ठळकपणे नजरेत भरते. प्रवासी जी वस्तू मागण्यासाठी आला, ती त्याला तेथे मिळाली नाही. आणि मागणी सुटली, तेव्हाच त्याचा मुक्काम खऱ्या अर्थाने सुरू झाला. या शिबिराचा इतिहास समजून घेताना हे सूत्र ध्यानात ठेवणे उचित ठरेल.

गृहस्थांसाठी उघडलेले दार

ध्यान हे अरण्यवासी भिक्षूंचे काम. गृहस्थाने दानधर्म करावा आणि पुण्य जोडावे, अशी समजूत ब्रह्मदेशातही दीर्घकाळ रूढ होती. इ. स. १८८५ मध्ये इंग्रजांनी मंडाले जिंकले. ब्रह्मदेशाचा अखेरचा राजा थिबा याला पदच्युत करून आपल्या कोकणात रत्नागिरी येथे आणून ठेवण्यात आले व तेथेच १९१६ मध्ये त्याचा अंत झाला. रत्नागिरीचा थिबा राजवाडा त्या घटनेची साक्ष देत आजही उभा आहे. राजाश्रय संपल्यावर धर्म टिकवायचा कोणी, असा बिकट प्रश्न तेव्हा ब्रह्मी समाजापुढे उभा राहिला. भदंत लेडी सयाडो (१८४६-१९२३) या विद्वान भिक्षूंनी त्याचे उत्तर शोधले. राजा गेला तरी प्रजा आहे. तेव्हा शास्त्र व ध्यान या दोन्ही गोष्टी प्रजेच्या हाती द्याव्यात, असे त्यांनी ठरविले. सामान्य माणसाला समजेल अशा भाषेत त्यांनी ग्रंथ लिहिले आणि गृहस्थांना ध्यान शिकविले.

त्यांच्या शिष्यांपैकी सया तैजी (१८७३-१९४५) हे शेतकरी होते. रंगूनच्या नदीपलीकडील एका खेड्यात ते साधकांना ध्यान शिकवीत. १९३७ च्या जानेवारी महिन्यात त्यांच्याकडे सरकारी हिशेब खात्यातील एक कर्मचारी येऊन दाखल झाला. त्यांचे नाव ऊ बा खिन. ध्यानाची थोडीशी ओळख होताच ते इतके प्रभावित झाले की पुढील आठवड्याभरातच कामधाम बाजूला ठेवून त्यांनी दहा दिवसांसाठी सया तैजींचे केंद्र गाठले. परतल्यावर कार्यालयातील टेबलावर एक लिफाफा पडलेला दिसला. हा बडतर्फीचा हुकूम असणार, अशी त्यांना धास्ती वाटली. उघडून पाहिले तो बढतीचे पत्र! त्याच वर्षी ब्रह्मदेश हिंदुस्थानच्या कारभारापासून वेगळा झाला होता आणि नव्याने स्थापन होणाऱ्या महालेखापरीक्षक कार्यालयात त्यांची निवड झाली होती. ४ जानेवारी १९४८ रोजी ब्रह्मदेश स्वतंत्र झाला, त्याच दिवशी ऊ बा खिन हे स्वतंत्र देशाचे महालेखापाल झाले.

१९५२ मध्ये त्यांनी रंगून येथे आंतरराष्ट्रीय ध्यान केंद्राची स्थापना केली. मध्यभागी पॅगोडा, त्याच्या गाभ्याभोवती ध्यानासाठी आठ लहान खोल्या, असे त्याचे साधे स्वरूप होते. ऊ बा खिन एकाच वेळी अनेक सरकारी खात्यांची जबाबदारी सांभाळीत व उरलेला वेळ केंद्राला देत. नोकरी, दुकान आणि प्रपंच असलेल्या माणसाला महिनोन् महिने विहारात राहता येत नाही, हे त्यांना स्वानुभवाने ठाऊक होते. रजा काढून दहा दिवस येता येईल, असा मुक्काम त्यांनी आखला. वर्षाचा ताळेबंद जुळविण्याची सवय असलेल्या माणसाने दिवसाच्या तासांचाही काटेकोर हिशेब मांडला, असेच म्हणावे लागेल.

याच काळात रंगूनमध्ये महासी सयाडो (१९०४-१९८२) यांचे केंद्रही बहरास आले होते. १९४९ च्या अखेरीपासून ते तेथे शिकवू लागले. त्यांची पद्धत काहीशी वेगळी होती. श्वासाबरोबर पोट वर येते व खाली जाते, त्याकडे लक्ष ठेवायचे. आणि बसण्याच्या जोडीला अतिशय संथ चालत प्रत्येक पावलाची जाणीव ठेवायची. १९५४ ते १९५६ या दोन वर्षांत रंगूनमध्ये सहावी बौद्ध संगीती भरली आणि जगभरातील जिज्ञासूंची पावले या शहराकडे वळू लागली.

पाश्चात्त्य पाहुण्यांची पहिली ओळख

ब्रिटिश नौदलाचे रिअर ॲडमिरल ई. एच. शॅटॉक हे अशा आरंभीच्या पाहुण्यांपैकी एक. रजा घेऊन ते महासी सयाडोंच्या केंद्रात काही आठवडे राहिले. त्यांचे पुस्तक १९५८ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच्या नावातच 'प्रयोग' हा शब्द आहे. श्रद्धा ठेवण्यासाठी आपण आलो नाही, पारखून पाहण्यासाठी आलो, असा त्यांचा पवित्रा होता. जहाजावर हुकूम सोडण्याची सवय असलेल्या या अधिकाऱ्याच्या वाट्याला येथे काम कोणते आले? एका खोलीत राहून पावलांकडे आणि पोटाच्या हालचालीकडे पाहणे! मनाला हुकूम सोडता येतो, पण मन तो पाळत नाही, याचा साक्षात्कार येथे पाऊल ठेवणाऱ्या प्रत्येक अधिकारी माणसाला होतो.

मेरी बाइल्स या ऑस्ट्रेलियातील न्यू साऊथ वेल्स राज्याच्या पहिल्या महिला सॉलिसिटर. गिर्यारोहक म्हणूनही त्यांचा लौकिक होता. ब्रह्मदेशातील ध्यान केंद्रांत राहून आल्यावर त्यांनी लिहिलेले पुस्तक १९६२ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांनी या प्रवासाला मौनातील प्रवास म्हटले, हे अर्थपूर्ण आहे. डोंगर चढणाऱ्याला दर तासाला आपण किती चढलो, हे दिसत असते. ध्यानाच्या आसनावर असे मैलाचे दगड नसतात.

अमेरिकन प्राध्यापक विन्स्टन किंग धर्मांचा तौलनिक अभ्यास करीत. ऊ बा खिन यांच्या केंद्रात त्यांनी दहा दिवसांचे शिबिर केले. १९६४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या अभ्यासग्रंथात ब्रह्मदेशातील बौद्ध धर्माचे शास्त्रीय विवेचन करून अखेरीस त्यांनी स्वतःचा अनुभव जोडला. एखाद्या धर्माविषयी शेकडो ग्रंथ वाचलेला अभ्यासक त्या धर्माच्या प्रत्यक्ष साधनेला प्रथम बसतो, तेव्हा त्याची विद्वत्ता बाहेर चपलांबरोबर राहते, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. येथे वाचन बंद असते आणि लेखनही.

जगभर हिंडून घराजवळ पोहोचलेला प्रवासी

या सर्व पाहुण्यांत ज्याच्या पहिल्या मुक्कामाने पुढील इतिहास घडविला, तो प्रवासी मात्र रंगूनचाच रहिवासी होता. सत्यनारायण गोएंका यांचा जन्म ३० जानेवारी १९२४ रोजी मंडाले येथे झाला. राजस्थानातून व्यापारासाठी ब्रह्मदेशात जाऊन स्थायिक झालेल्या मारवाडी घराण्यात ते वाढले. सनातनी संस्कार, व्यापारात मोठे यश, समाजात पुढारीपण, असे सर्व काही तरुणपणीच त्यांना लाभले होते. त्याबरोबर अर्धशिशीचा असह्य विकारही जडला होता. वेदना शमविण्यासाठी मॉर्फियाची इंजेक्शने घ्यावी लागत. या औषधाचेच व्यसन जडेल, अशी डॉक्टरांना भीती वाटू लागली. उपचारांसाठी त्यांनी स्वित्झर्लंड, जर्मनी, इंग्लंड, अमेरिका आणि जपान एवढे देश पालथे घातले. पैशाला तोटा नव्हता, नामांकित डॉक्टरांना तोटा नव्हता. गुण मात्र आला नाही.

हताश होऊन परतल्यावर कायदेपंडित मित्र ऊ छान ठुन यांनी त्यांना ऊ बा खिन यांचे नाव सुचविले. जगाची प्रदक्षिणा करून आलेल्या या रोग्याला आपल्याच शहरातील एका सरकारी हिशेबनीसाकडे जायचे होते. गोएंकाजी भेटीस गेले व आपले दुखणे सांगितले. ऊ बा खिन यांनी त्यांना शिबिरात घेण्यास नकार दिला! डोकेदुखी बरी करण्यासाठी ही विद्या नाही. त्या हेतूने यायचे असेल तर येऊ नये. मन निर्मळ करण्याची इच्छा असेल तर अवश्य यावे, असे त्यांचे म्हणणे होते. देशोदेशीच्या डॉक्टरांनी ज्याचे आदराने स्वागत केले, त्या धनाढ्य माणसाला येथे प्रथमच नाही म्हटले गेले होते.

त्यांच्या मनात आणखी एक अडचण होती. आपण हिंदू समाजाचे पुढारी. बौद्ध केंद्रात गेल्याने धर्म तर बुडणार नाही ना? ऊ बा खिन यांनी त्यांना सरळ प्रश्न विचारले. सदाचाराने वागण्यास तुमच्या धर्माची हरकत आहे काय? मन एकाग्र करण्यास आहे काय? प्रज्ञा जागविण्यास आहे काय? कशालाच हरकत नव्हती. येथे याहून अधिक काही शिकवीत नाही, असे सांगून त्यांनी विषय संपविला. तरीही गोएंकाजी कित्येक महिने घोटाळत राहिले. अखेर १ सप्टेंबर १९५५ रोजी वयाच्या एकतिसाव्या वर्षी ते शिबिरात दाखल झाले.

पुढे प्रवचनांतून ते आपल्या त्या पहिल्या शिबिराची हकीकत मोकळेपणाने सांगत. पहिला दिवस बरा गेला. मग इतर साधकांना प्रकाश दिसतो, नाना अनुभव येतात, असे कानी पडले आणि त्यांचे चित्त विचलित झाले. आपल्याला काहीच दिसत नाही. आपण धनवान माणूस, आपल्याला हा मार्ग कसा साधणार, या विचाराने घेरले. दुसऱ्या दिवशी सामान आवरून निघून जाण्याचा बेतही त्यांनी मनाशी पक्का केला. शेजारीच राहणाऱ्या एका साधिकेच्या हे ध्यानी आले. तिने विचारपूस केली. श्वास कळतो ना, नाकाच्या जागी संवेदना जाणवते ना, मग काम नीट चालले आहे. प्रकाशाच्या मागे लागू नका, आणखी एक दिवस थांबा, अशी तिने त्यांची समजूत घातली. ते थांबले.

व्यापारी मनुष्य जेथे जातो तेथे देवघेवीचा विचार बरोबर नेतो. मी एवढा वेळ दिला, बदल्यात मला काय मिळाले, हा प्रश्न त्याच्या हाडीमासी खिळलेला असतो. गोएंकाजींची दुसऱ्या दिवशीची घालमेल याच जातीची होती. शेजाऱ्याच्या पारड्यात प्रकाश पडला आणि आपले पारडे रिकामे राहिले, असा तो हिशेब होता. ते त्या संध्याकाळी निघून गेले असते, तर इगतपुरीचे केंद्र उभे राहिले नसते. एका अनामिक शेजारणीच्या चार शब्दांचे मोल किती मोठे होते, हे पुढील इतिहासाने दाखवून दिले.

दहा दिवसांनंतर अर्धशिशी गेली, असे ते सांगत. पण तो लाभ आनुषंगिक मानीत. त्यानंतर चौदा वर्षे त्यांनी गुरुचरणी अभ्यास केला. १९६२ मध्ये ब्रह्मदेशात लष्करी सत्ता आली आणि पाठोपाठ उद्योगधंद्यांचे राष्ट्रीयीकरण झाले. गोएंकाजींचे कारखाने व पेढ्या गेल्या. इतर व्यापारी ज्याला सर्वनाश म्हणत, त्या काळात साधनेसाठी भरपूर सवड मिळाली, असे ते म्हणत. असे उद्गार पहिल्या शिबिरापूर्वीच्या गोएंकांच्या तोंडून निघणे अशक्य होते.

मुंबईची धर्मशाळा आणि बोधगयेचे तरुण

जून १९६९ मध्ये आजारी मातेच्या सेवेसाठी त्यांना भारतात येण्याची अनुमती मिळाली. निघण्यापूर्वी ऊ बा खिन यांनी त्यांना आचार्यपदाचा अधिकार दिला. विपश्यना ही भारताची ठेव ब्रह्मदेशाने सांभाळली; ती मूळ मालकाला परत करावयाची आहे, अशी ऊ बा खिन यांची भावना होती. १९७१ च्या जानेवारीत ते निवर्तले; भारतात येण्याची त्यांची इच्छा शिष्याच्या रूपाने पुरी झाली.

भारतातील पहिले शिबिर ३ जुलै १९६९ रोजी मुंबईतील पंचायतीवाडी धर्मशाळेत सुरू झाले. साधक अवघे चौदा. त्यांत गोएंकाजींचे आईवडीलही होते. शांत अरण्य नाही, डोंगर नाही; भर मुंबईतील धर्मशाळा. त्यानंतर सात वर्षे ही शिबिरे फिरतीवरच राहिली. धर्मशाळा, विहार, मंदिर, चर्च, जेथे जागा मिळेल तेथे दहा दिवसांचे बिऱ्हाड मांडायचे आणि अकराव्या दिवशी उचलायचे. विपश्यना म्हटले की इगतपुरीचे हिरवे डोंगर डोळ्यांसमोर येतात. परंतु या साधनेने भारतात पहिले पाऊल टाकले ते शहराच्या गलबल्यात, हे विसरता येत नाही.

याच सुमारास युरोप-अमेरिकेतील तरुण खुष्कीच्या मार्गाने भारतात येत होते. बोधगयेतील ब्रह्मी विहारात १९७०-७१ च्या हिवाळ्यात भरलेल्या शिबिरांना त्यांची गर्दी झाली. शेरॉन साल्झबर्ग ही न्यूयॉर्क राज्यातील बफेलो विद्यापीठाची अठरा वर्षांची विद्यार्थिनी जानेवारी १९७१ मध्ये तेथे प्रथम बसली. भारतात आपल्याला काहीतरी गूढ, अद्भुत विद्या मिळेल, या आशेने ती आली होती. तिला सांगण्यात आले, श्वासाकडे पाहा. एवढ्यासाठी आपण भारतापर्यंत आलो काय, असे तिला वाटले. श्वासाकडे पाहणे सोपे आहे, अशी तिची समजूत होती. एखाददुसरा श्वास होताच मन पळून जाते, असे आढळल्यावर तो भ्रम फिटला. जोसेफ गोल्डस्टीन हा अमेरिकन तरुण त्यापूर्वीपासूनच बोधगयेत अनागारिक मुनींद्र यांच्याजवळ ध्यान शिकत होता. या दोघांनी जॅक कॉर्नफिल्ड यांच्या साहाय्याने १९७५ मध्ये अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात बॅरे या गावी ध्यान संस्था स्थापन केली. साधी वाटून निराश करणारी पहिली सूचनाच पुढे या मंडळींनी हजारोंना दिली.

इगतपुरीचा मुक्काम

मुंबईहून नाशिककडे जाणारी रेल्वे कसारा घाट चढून वर आली की इगतपुरी लागते. पावसाळ्यात धुके आणि मुसळधार पाऊस, हिवाळ्यात बोचरी थंडी, भोवती सह्याद्रीचे सुळके. येथे १९७४ मध्ये जागा घेण्यात आली आणि १९७६ पासून 'धम्मगिरी' केंद्रात नियमित शिबिरे सुरू झाली. फिरत्या बिऱ्हाडाला घर मिळाले. १९८५ मध्ये येथेच विपश्यना विशोधन विन्यासाची स्थापना झाली. पॅगोडाच्या पोटात एकेका साधकाला एकांतात बसता येईल अशा शेकडो शून्यागारांची सोय आहे. रंगूनच्या आठ खोल्यांचे हे विस्तारित रूप.

पहिल्यांदा येणाऱ्या प्रवाशाची नजर अर्थातच प्रथम निसर्गावर जाते. जागा सुंदर आहे, दहा दिवस विश्रांती मिळेल, असा त्याचा समज होतो. नावनोंदणी होते. मोबाइल, पुस्तके, वह्या, पेन, मौल्यवान वस्तू जमा करून घेतल्या जातात. पुरुष व स्त्रिया यांची व्यवस्था स्वतंत्र असते. हिंसा, चोरी, अब्रह्मचर्य, असत्य व नशापान यांपासून दूर राहण्याचे पंचशील घेतले जाते आणि संध्याकाळपासून मौन सुरू होते. हे मौन केवळ वाणीचे नाही. खाणाखुणा व नजरानजर यांनाही त्यात मनाई आहे.

पहाटे चार वाजता घंटा होते. साडेचार ते साडेसहा ध्यान, मग न्याहारी. आठ ते अकरा पुन्हा ध्यान, अकराला भोजन. दुपारी एक ते पाच ध्यान. पाच वाजता नव्या साधकाला चहा व फळे. जुन्या साधकाला केवळ लिंबूपाणी. सहा ते सात ध्यान, सात वाजता प्रवचन, त्यानंतर पुन्हा थोडे ध्यान आणि साडेनऊला दिवे मालवले जातात. दिवसाकाठी सुमारे दहा तास बैठक होते. सूर्यास्तापूर्वी आहार आटोपण्याची सवय असलेल्या, मौन व सामायिकाचा परिचय असलेल्या जैन गृहस्थाला यातील बराचसा भाग ओळखीचा वाटेल. परंतु अठ्ठेचाळीस मिनिटे स्थिर बसणे वेगळे आणि दहा दिवस ओळीने बसणे वेगळे, हे त्यालाही पहिल्या दुपारीच कळून चुकते.

पहिले साडेतीन दिवस केवळ आनापान, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्या नैसर्गिक श्वासाचे निरीक्षण. मंत्र जोडायचा नाही, कल्पना करायची नाही, श्वास रोखायचा नाही. गुडघे, पाठ व मान तक्रार करू लागतात. डोळे मिटताच दुकान, घर, जुने भांडण, राहून गेलेली वसुली, मुलीचे लग्न, असे सारे पुढे येऊन उभे राहते. बोलायला कोणी नसल्यामुळे हा गलबला अधिकच मोठा भासतो. चौथ्या दिवशी विपश्यना शिकविली जाते. डोक्यापासून पायापर्यंत शरीरावरील संवेदना पाहत जायचे. सुखद असो वा दुःखद, तिच्याविषयी राग वा द्वेष न जागविता पाहायचे. त्या दिवसापासून दिवसातील तीन सामूहिक बैठकींत तासभर हात, पाय वा डोळे न उघडण्याचे अधिष्ठान असते. वेदना येते, वाढते आणि बदलतेही, हे प्रवचनात ऐकलेले सत्य येथे स्वतःच्या गुडघ्यात पाहावे लागते.

इस्रायली इतिहासकार युवाल नोआ हरारी यांनी इ. स. २००० मध्ये आपले पहिले शिबिर केले. मानवी इतिहासाचा व्यासंगी अभ्यास करणाऱ्या या विद्वानाने पुढे लिहिले की, श्वासाकडे दहा सेकंद सलग पाहणेही आपल्याला जमेना आणि आपण स्वतःला किती कमी ओळखतो हे उमगले. १९७१ मधील विद्यार्थिनी आणि २००० मधील विद्वान यांची पहिली नोंद जवळजवळ एकच असावी, ही गोष्ट बोलकी आहे.

दहाव्या दिवशी मैत्रीभावना शिकविली जाते आणि मौन सुटते. कित्येकांना हा दिवस सर्वांत जड जातो. नऊ दिवस ज्यांच्या शेजारी जेवलो, त्यांचे आवाज प्रथमच कानी पडतात. अकराव्या दिवशी सकाळी प्रवासी मार्गस्थ होतो.

शुल्काविना चालणारा व्यवहार

कोणत्याही विश्वस्त संस्थेच्या दृष्टीने या शिबिराचा एक विशेष चिंतनीय आहे. शिकवण, निवास व भोजन यांपैकी कशाचेच शुल्क घेतले जात नाही. इतकेच नव्हे, तर ज्याने किमान एक शिबिर पूर्ण केलेले नाही, त्याचे दानही स्वीकारले जात नाही. शिबिर पूर्ण झाल्यावर इच्छा झाली, तर पुढे येणाऱ्यांसाठी द्यावे. स्वयंपाकघरात राबणारे धर्मसेवकही पूर्वी शिबिर केलेले साधकच असतात व मोबदला घेत नाहीत.

यामागील विचार सूक्ष्म आहे. पैसे मोजले की माणूस ग्राहक होतो आणि ग्राहक मागणी करतो : खोली अशी हवी, जेवण तसे हवे, अनुभव अमुक हवा. दुसऱ्याच्या दानावर जेवणारा माणूस भिक्षूच्या जागी असतो. समोर येईल ते स्वीकारण्यास तो शिकतो. ही पद्धत रुजविणारा माणूस स्वतः निष्णात व्यापारी होता, हे विसरता कामा नये. व्यवहाराची ताकद कोठे संपते, हे व्यवहारात मुरलेल्यालाच नेमके कळले. दारातच नाकारली गेलेली १९५५ ची ती मागणी, कदाचित, या नियमाचे मूळ असावी.

मर्यादांचे भान

येथे एक गोष्ट स्पष्टपणे सांगणे आवश्यक आहे. दहा दिवसांचे मौन हा हलका उपक्रम नव्हे. गंभीर मानसिक विकार असलेल्यांना हे शिबिर मानवत नाही. प्रवेश अर्जातच प्रकृतीची माहिती विचारली जाते व शिबिर हे वैद्यकीय उपचारांना पर्याय नाही, असे बजावले जाते. गोएंकाजींची अर्धशिशी गेली म्हणून प्रत्येकाची जाईल, असा हिशेब मांडणे म्हणजे ऊ बा खिन यांनी नाकारलेलीच मागणी पुन्हा पुढे करणे होय. अर्ज प्रामाणिकपणे भरावा, चालू असलेली औषधे स्वतःच्या मनाने बंद करू नयेत आणि अडचण आल्यास आचार्यांना सांगावी, हे शहाणपणाचे.

समारोप

गोएंकाजींना २०१२ मध्ये पद्मभूषण देण्यात आले. २९ सप्टेंबर २०१३ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. त्यापूर्वी ८ फेब्रुवारी २००९ रोजी मुंबईजवळ गोराई येथील जागतिक विपश्यना पॅगोडाचे उद्घाटन तत्कालीन राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांच्या हस्ते झाले. रंगूनच्या श्वेडगोन पॅगोडाच्या धर्तीवर बांधलेल्या या वास्तूच्या घुमटाखाली एकही खांब नाही आणि सुमारे आठ हजार साधक तेथे एकत्र बसू शकतात. ब्रह्मदेशाच्या उपकाराचे ते कृतज्ञ स्मरण आहे. चौदा साधकांपासून निघालेल्या या परंपरेची आज जगभरात दोनशेहून अधिक केंद्रे आहेत. ध्वनिमुद्रित सूचना व सहायक आचार्यांची व्यवस्था आधीच लागलेली असल्यामुळे आचार्यांच्या पश्चातही घंटा पहाटे चारलाच होते.

संस्था कशाने टिकते, याचा विचार सुवर्णमहोत्सवासारख्या प्रसंगी अपरिहार्यपणे मनात येतो. इमारत, निधी आणि नियमावली यांची गरज आहेच. परंतु पहिल्यांदा आलेल्या, गोंधळलेल्या, निघून जाण्याच्या बेतात असलेल्या माणसाची आस्थेने विचारपूस करून त्याला आणखी एक दिवस थांबविणारे कोणी तेथे आहे की नाही, यावर पुष्कळ काही अवलंबून असते. रंगूनच्या त्या साधिकेचे नाव आज फारसे कोणी घेत नाही. तिने मात्र आपले काम त्या संध्याकाळी पूर्ण केले होते.